तोंड नसलेली पिशवी

साखरशेतची ती फाईल मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही साधी चोरी मात्र वेगळी राहिली.

सत्तरच्या दशकात मी जव्हारला फौजदार होतो. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. गावात एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांनी एका सकाळी फिर्याद दिली की, टेबलाच्या खणातून एक फाईल चोरीला गेली. साखरशेतचा एक शेतकरी त्यांचा रुग्ण होता. त्याचे हातपाय सुकत चालले होते, वाचा गेली होती, बुद्धी मात्र शाबूत होती. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणारे तंतूच मरत जातात, असं डॉक्टरांनी मला समजावलं. ते का मरतात, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी दीड वर्ष नोंदी ठेवल्या होत्या, दर महिन्याला फोटो काढले होते. त्या जोरावर त्यांनी मुंबईच्या एका मंडळाकडे संशोधनासाठी निधी मागितला होता. मंडळी शुक्रवारी पाहणीला येणार होती. फाईल नसेल तर दाखवायला डॉक्टरांचा प्रामाणिक चेहरा तेवढा उरत होता, आणि त्यावर कोणी निधी देत नाही.

मंडळाला शुद्ध मराठीचा आग्रह. म्हणून फाईलवर ‘मज्जातंतुक्षय संशोधन’ असं ठळक लिहिलेलं. कंपाउंडर तिला ‘मज्जेची फाईल’ म्हणे. आमच्या ठाणे अंमलदारानं तर स्टेशन डायरीत ‘मजेची फाईल चोरीस गेली’ अशी नोंद केली. मी त्याला झापलं, खोडून दुरुस्त करायला लावलं आणि विसरून गेलो.

पहिला संशय कंपाउंडरवर. तासभर बसवून ठेवल्यावर तो वैतागला. “साहेब, ती चोरून मी करू काय? रद्दीवालासुद्धा परत देईल.” हे मला पटलं. ज्या चोरीत चोराचा फायदा दिसत नाही, ती पैशासाठी झालेली नसते.

दुसऱ्या दिवशी बाजारातले एक म्हातारे शिंपी चाचा पोलीस ठाण्यात आले. टोपी काढून हातात घेतली, पुन्हा घातली.

“साहेब, मी काही गुन्हा केला नाय. पण मनात राहिलंय. परवा पाड्यावरची एक बाई आली. म्हणाली, हे कापडात घालून चारी बाजूंनी शिवून टाका, कोणाला उघडता येऊ नये. एवढी वर्षं पिशव्या शिवतोय, तोंड नसलेली पिशवी पहिल्यांदाच शिवली.”

“आत काय होतं?”

“जाड पुठ्ठा. आणि एका फोटोचा कोपरा. उघडा माणूस होता, हाडं मोजता येतील असा. मी नजर फिरवली.”

आमचा हवालदार मोखाड्याच्या डोंगरात बरीच वर्षं काढलेला, पाड्यांवरची बोली जाणणारा. त्याला घेऊन मी साखरशेतला, त्या रुग्णाच्या पाड्यावर गेलो. रुग्ण ओटीवर खाटेवर होता. बायको त्याला चमच्यानं नाचणीची पेज भरवत होती. पिशवी आढ्याला टांगलेली होती, लपवलेलीही नव्हती. मी नेहमीच्या आवाजात दरडावलं. ती पेज भरवतच राहिली. हवालदार तिच्याशेजारी उकिडवा बसला. “मावशे, सांग. काय झाला?”

“तो कंपोंडर बोलला, मजेची फाईल हाय, मुंबईची माणसा बघाया येतील. माझा नवरा सुकून काटकी झाला. त्याची मजा बघाया येतात? अंगावर कपडाबी नाय त्याच्या, त्या फोटूत.”

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मला स्टेशन डायरी आठवली.

“मग जाळून का नाही टाकलीस?” मी विचारलं.

खुळ्याकडे पाहावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. “जित्या माणसाचा फोटू कोण जाळतो, साहेब?”

पंच बोलावून पिशवी जप्त करणं एवढंच माझं काम होतं. तरी मी जीप पाठवून डॉक्टरांना आणवलं. मज्जा म्हणजे शरीरातले दोरे आणि ते का मरतात हे शोधायला मुंबईची माणसं पैसे देणार, हे त्यांनी तिला हवालदारामार्फत सांगितलं.

“त्या पैशानं हा बरा होल का?” तिनं विचारलं.

डॉक्टरांनी खोटं सांगितलं असतं तर काम सोपं झालं असतं. “नाही,” ते म्हणाले. “पुढं कधी कुणी दुसरा होईल, कदाचित.”

“मग मना नका विचारू, त्यालाच विचारा.”

एकदा पापणी मिटली तर होय, दोनदा मिटली तर नाही, ही त्या नवराबायकोची रीत. माझ्या आयुष्यातला सर्वांत लहान जबाब मी तिथं घेतला. फोटो मुंबईच्या लोकांना दाखवायचे का? त्यानं बराच वेळ बायकोकडे पाहिलं. मग पापणी एकदा मिटली. ती दुसऱ्यांदा मिटते का, याची आम्ही वाट पाहत राहिलो. ती मिटली नाही.

बाईनं विळ्याच्या टोकानं स्वतः उसवली पिशवी, पण एकाच बाजूनं. “मीबी येईन,” ती म्हणाली. “कोण हसतो, त्याला बघीन.”

शुक्रवारी मंडळी आली. कमान, हार, नारळ, लांबलचक भाषणं झाली. अध्यक्षांना वाक्यागणिक हसायची सवय होती. बाई दाराशी बसून एकेक चेहरा न्याहाळत होती आणि मी, बंदोबस्ताच्या नावाखाली, तिला. डॉक्टरांनी फाईल उघडली. पहिल्या फोटोत माणूस नांगरासारखा भक्कम होता. शेवटचा फोटो शिंप्यानं सांगितलाच आहे. अध्यक्षांनी गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला. कोणी हसलं नाही. बाई उठून घरी गेली. पेजेची वेळ झाली होती.

निधी मंजूर झाला, पण मागितला त्यापेक्षा कमी आणि पुढच्या पावसाळ्यात. तोवर तो माणूस गेला होता. डॉक्टरांनी फाईल शेवटपर्यंत त्याच पिशवीत ठेवली.

त्यानंतर जबाब घेताना मी एक प्रश्न जादा विचारू लागलो: हा शब्द तुम्ही काय समजलात? त्यानं बऱ्याच चोऱ्या उकलल्या असं नाही. काही झाल्याच नव्हत्या, एवढं कळलं.

या प्रकरणात मी कोर्टाकडे ‘क’ समरी पाठवली: गुन्हा नाही, गैरसमजातून घडलेला प्रकार. गैरसमज कोणाचा, असा रकाना त्या नमुन्यात नव्हता.