पिस्तुलाची नवी मूठ

माझ्याकडे पिस्तूल आहे म्हटलं की आमच्या मराठी मंडळातल्या बायका एकमेकींकडे बघतात. हवेचं आहे, असं लगेच सांगावं लागतं. या देशात गोळीचं पिस्तूल साध्या माणसाला ठेवता येत नाही, आणि मला ते नकोही आहे. माझ्या पिस्तुलातून शिशाचा एवढासा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतो. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर कागदाशी माझा जो काही संबंध आला, त्यात हा सगळ्यात बरा.

लेस्टरच्या होजिअरी फॅक्टरीत मी कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर होते. फॅक्टरी बंद पडली, पुढे नवरा गेला, आणि शेजारची गोरी बाई मला शूटिंग क्लबात घेऊन गेली. तिची हौस लवकर फिटली. मी राहिले, आणि क्लबाच्या चौघांच्या टीममध्ये आले.

मग अंगठ्याने दगा दिला. जन्मभर कापड दाबून धरलेला अंगठा, मुळाशी सुजला. एका हाताने पिस्तूल समोर धरलं की ठणकायचा आणि छर्रे खाली डावीकडे जायचे. आमचा कोच सभ्य माणूस आहे. म्हणाला, "खुर्चीवर बसून, हात स्टँडवर टेकवून खेळणाऱ्यांचा एक गट आहे. कार्डिफची मॅच होऊ दे, मग बघू." बघू म्हणजे काय ते मला कळतं. कार्डिफला जमलं नाही तर टीममधून बाहेर आणि खुर्चीवर. मला खुर्ची नको होती. बसून मी पुष्कळ काम केलं आहे.

त्यात खंडेनवमी आली. सून पुण्याची, बँकेत कॉम्प्युटरचं काम करते. दरवर्षी पाटावर दोन लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हरचा डबा आणि माझी विळी मांडून पूजा करते.

"आई, यंदा पिस्तूल द्या ना. घरात खरं शस्त्र असताना लॅपटॉपला काय ओवाळायचं?"

"त्याला पाणी लावू नकोस."

"अहो, थेंबभर फक्त."

तिने थेंबात कालवून हळद-कुंकू लावलं आणि वर मूठभर अक्षता टाकल्या. मुलगा म्हणाला, "तोफ असती तर हिने आंघोळच घातली असती."

दुसऱ्या दिवशी क्लबात चाप अर्ध्यावर अडकला. कोचने मला तिथूनच गनस्मिथकडे पाठवलं. गनस्मिथ म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. हा साठीचा, पोट सुटलेला, आवाज खणखणीत. लेस्टरच्या जुन्या माणसांसारखा समोरच्याला लाडाने डक, म्हणजे बदक, म्हणणारा. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण तो मला तूच म्हणत होता हे आवाजावरून कळत होतं. मीही त्याला तूच म्हटलं.

त्याने पिस्तूल उघडलं आणि चापामागून चिमट्याने काहीतरी काढून दिव्यासमोर धरलं.

"हे काय आहे, डक?"

"तांदूळ."

"माझ्या हातून अख्ख्या काउंटीच्या बंदुका गेल्यात. कोळी निघाले, टॉफी निघाली. भात पहिल्यांदाच."

"भात नाही. कच्चा आहे."

तो टेबलावर हात आपटून हसला. मी सांगितलं, आम्ही वर्षातून एकदा हत्याराची पूजा करतो.

"पूजा करतेस आणि धरतेस असं?" त्याने माझा तळहात उलटा केला. पूजेतलं कुंकू मुठीवर राहिलं होतं, ते हाताला लागलं होतं. पण दोनच ठिकाणी: अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीखाली. मधला हात स्वच्छ. "बघ. मधे मूठ तुला शिवतच नाही. सगळं वजन अंगठा उचलतोय. ही कारखान्याची मूठ कोणाच्या हातासाठी करतात ठाऊक आहे? कोणाच्याच नाही."

डॉक्टरांनी अंगठ्यावर मलम दिलं होतं. पिस्तूल कोणी बघितलं नव्हतं. त्यांच्याकडे मी ते नेणार तरी कशी?

मूठ हाताबरहुकूम करायची तर हाताला रंग लावून ती पुन्हा पुन्हा धरावी लागते. त्याच्याकडे निळा रंग होता, पण तो कातडीवरून आठवडाभर निघत नाही म्हणाला. "तुझी लाल पावडर घेऊन ये."

मी कुंकवाचा करंडा घेऊन गेले. नवरा गेल्यापासून कुंकू लावलं नव्हतं. आता तळहातभर लावत होते, तेही तेलात कालवून. हसू आलं.

त्याने मला बसू दिलं नाही. मॅचला उभी राहतेस तशी उभी राहा, म्हणाला. मी मूठ धरायची आणि सोडायची. लाकडावर जिथे लाल उमटेल तिथे तो कानस फिरवायचा; जिथे कोरं राहील तिथे पुट्टी भरायचा. पुन्हा धर. पुन्हा सोड. मी कंटाळले, तो नाही. कानशीचा हात इतका हलका की लाकडाची नुसती पिठी पडायची. फॅक्टरीत मी चांगले हात पाहिले आहेत. हा त्यांच्या वरचा होता, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं.

"माझ्याइतकं कोणी करून देणार नाही तुला," तो म्हणायचा.

"कमी बोललास आणि जास्त घासलंस, तर खरं मानीन."

मुठीच्या तळाला लाकडाची एक फळी असते, तिच्यावर तळहाताची कड टेकते. ती त्याने वर आणली. भार तळहातावर आला. "अंगठा पाहुण्यासारखा ठेव. त्याला कामाला लावू नकोस."

मी म्हटलं, चापही हलका कर. त्याने साफ नकार दिला. "मॅचच्या आधी चापाला ठरलेलं वजन लटकवून बघतात; तेवढ्याने सुटला तर बाद. नियमाच्या खाली मी जात नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही." हे मला आवडलं.

कार्डिफला मॅचच्या आधी पिस्तूल एका ठरलेल्या मापाच्या पेटीत ठेवून बघतात. मावलं नाही तर खेळता येत नाही. तपासणाऱ्या बाईने माझं आत ठेवलं तर नवी फळी कडेला अडली. कोच खाली बघायला लागला. बाईने पिस्तूल उचललं, सरळ केलं, पुन्हा सोडलं. बसलं. फळी आणि पेटी यांच्यात कागदसुद्धा गेला नसता.

पहिले काही छर्रे वाईट गेले, कारण मी अंगठ्याची वाट बघत होते, आता दुखेल, मग दुखेल. दुखला नाही. नंतर मी त्याला विसरले आणि कागदाकडे बघितलं. टीममध्ये मी तिसरी आले. परत येताना गाडीत कोच म्हणाला, "पुढच्या सीझनला तुझं नाव टीममध्ये धरतो." खुर्चीचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

दोन दिवसांनी गनस्मिथला सांगायला गेले. तिथे एक दाढीवाला गोरा हात पसरून उभा होता, तळहात लालभडक.

"तुझी पावडर संपत आलीय, डक," गनस्मिथ म्हणाला. मॅचमध्ये कितवी आलीस, हे त्याने विचारलंच नाही. "अंगठा?"

"पाहुणा."

"मग झालं," म्हणाला आणि त्या दाढीवाल्याला ओरडला, "पुन्हा धर!"