मशीन खाली चल रही है

"आवाज तो बच जानी चाहिए," डॉक्टर म्हणाले. मी आवाजाबद्दल काही विचारलंच नव्हतं. मी गेलो होतो बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. डॉक्टर एकदम आवाज वाचवण्यावर आले, तेव्हा मधलं वाक्य त्यांनी न बोलताच मला कळलं. स्वरयंत्राचा कॅन्सर. अर्ली स्टेज, म्हणजे अगदी सुरुवातीचा.

घसा हिवाळ्यात बसला होता. दिल्लीत हिवाळ्यात कोणाचा बसत नाही? हवाच अशी असते की सकाळी खिडकी उघडली तरी खोकला येतो. मी हळदीचं दूध प्यायलो, गुळण्या केल्या, ऑफिसातल्या प्रत्येकाने सांगितलेला काढा घेतला. होळी होऊन गेली तरी आवाज फाटकाच. तुमचा आवाज इतके आठवडे बसलेला असेल, तर काढे सोडा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मी उशिराच गेलो, तरी निभावलं.

आवाज ही माझी कमाईची वस्तू होती असं नाही. मी सरकारी खात्यात फायली हलवणारा माणूस. पण आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टर्समध्ये पाणी आलं नाही की शेजारी माझं दार वाजवत, कारण फोनवर भांडावं तर मीच. आता डॉक्टरांनी त्याच तोंडाला कुलूप लावलं. "कम बोलिए. और रेडिएशन में गैप नहीं आना चाहिए," त्यांनी बजावलं. मध्ये खंड पडला की उरलेल्या रोगट पेशींना उसंत मिळते, असं त्यांनी समजावलं. ते 'गैप नहीं' माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

बायको शाळेत शिकवते. तिच्या रजा पुरेनात, म्हणून पुण्याहून माझी मोठी बहीण आली. ताई सत्तरीला टेकलीय, पण जिना माझ्याआधी चढते. तिचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. मला न बोलण्याची शिक्षा आणि माझ्या वतीने बोलणार ताई. पुढे काय होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

उपचार बेसमेंटमध्ये चालत, सोमवार ते शुक्रवार रोज. तिथलं मशीन म्हणजे लिनॅक, लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर. ते ठरलेल्या जागी ठरलेल्या मापाचा किरणांचा मारा करतं. मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मास्क चढवतात आणि तो टेबलाला अडकवतात. दुखत काहीच नाही. पण श्वास कोंडल्यासारखा वाटतो. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या.

काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. "टेक्निकल इश्यू है," काउंटरवरचा म्हणाला. काय इश्यू, किती वेळ, काही नाही. दुपारी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तेच. माणसं सोनीपतहून, मेरठहून आलेली, कोणी किरणांनी गळा काळवंडलेली. मी घड्याळाकडे बघत होतो. गॅप पडत होता, माझ्या घशात.

तिसऱ्या दिवशी कळलं की इंजिनियर येऊन गेला, मशीन ठीक झालं. आम्ही हुश्श केलं. पण नाव कोणाचंच पुकारेनात. मशीनच्या दारावर एक लाल दिवा आहे, किरण चालू असले की लागतो. तो लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. आत मात्र कोणी जात नव्हतं, बाहेर कोणी येत नव्हतं. मी अटेंडंटला खुणेनेच विचारलं, हे काय?

"अंकल, मशीन अभी खाली चल रही है," तो म्हणाला आणि निघून गेला.

माझा पारा चढला. रिकामं! इतकी माणसं ताटकळत ठेवून हे मशीन रिकामं चालवतायत!

ताई मात्र पर्स उचलून उभी राहिली. "खाली चाललीय म्हणतो ना तो? मग आपण इथे काय बसलोय? चल." मी जोरजोरात मान हलवली, हात धरायला गेलो. ती जिन्यावर पोचलीसुद्धा. आम्ही आधीच बेसमेंटमध्ये होतो. त्याच्याही खाली फक्त पार्किंग होतं.

ती परत आली ती धापा टाकत आणि लालबुंद होऊन. नेमक्या त्याच वेळी आतून एक बाई बाहेर आल्या, गळ्यात ओळखपत्र, डोळे तारवटलेले. ताईने त्यांनाच धरलं. "मशीन खाली, मशीन खाली बोलते हो! हम खाली जाके आया. खाली तो सब गाड़ियाँ है!"

हॉल हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच. मला हसू आलं नाही. डॉक्टरांच्या आज्ञेने जपून ठेवलेला सगळा आवाज मी तिथे खर्च केला. "रिकामी, ताई! रिकामी!" आणि मग त्या बाईंना, "खाली क्यों चला रहे हो? हम लोग किसलिए बैठे हैं?" बिजागरी करकरावी तसा आवाज निघाला.

त्या चिडल्या नाहीत. "आइए, दिखाती हूँ," म्हणाल्या.

त्या मेडिकल फिजिसिस्ट होत्या. मशीन किती किरण सोडतं ते मोजणं हे त्यांचं काम. बाहेरच्या पडद्यावर आतला कॅमेरा दिसत होता. टेबलावर, माझ्या डोक्याच्या जागी, प्लास्टिकच्या लाद्यांची चळत ठेवलेली. तिला फँटम म्हणतात. किरणांपुढे ती माणसाच्या मांसासारखी वागते, आणि तिच्या पोटात एक बारीक कांडी असते, ती डोस मोजते. या सगळ्या तपासणीला क्वालिटी अ‍ॅश्युरन्स म्हणतात. दोन दिवसांपूर्वी सकाळी रीडिंग हद्दीबाहेर, जास्त आलं होतं. त्यांनी मशीन बंद केलं.

"पर इंजीनियर ने तो ठीक कर दिया," मी म्हणालो.

"ठीक हुई, ये इंजीनियर ने कहा है, सर. मैंने अभी नहीं कहा. कम गया तो बीमारी बच जाएगी. ज्यादा गया तो आपकी आवाज जा सकती है."

मग मला खरी भीती वाटली. "और उससे पहले? जिस दिन मैं लेटा था?"

"उस सुबह की रीडिंग ठीक थी. रोज पहले ये लेटता है, फिर आप."

ताईने पडद्याकडे टक लावून पाहिलं. "म्हणजे तुझ्या आधी तो भोगून बघतो," ती म्हणाली.

माझा राग गेला नाही. त्याने फक्त पत्ता बदलला. हे बाहेर सांगायला काय झालं होतं? भिंतीवर 'मौन रखें'चे इतके बोर्ड, आणि एकावर दोन ओळी लिहायला कोणाला हात नाही? मी तसं म्हणालो. बाईंनी मान्य केलं, पण त्यांच्याकडे त्याला वेळ नव्हता. मला ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

त्या दिवशीही माझा नंबर लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला. बुडालेले दिवस डॉक्टरांनी शनिवारी-शनिवारी बोलावून भरून काढले. नंतर रेडिएशनच्या परिणामाने काही आठवडे गिळताना सुई टोचावी तसं व्हायचं, मऊ भातसुद्धा उतरेना, आवाज तर पार नाहीसा झाला. ताई रोज मला आत सोडण्याआधी अटेंडंटला दरडावून विचारायची, "आज खाली चली क्या?" तो हसून म्हणायचा, "चली, माताजी, सुबह-सुबह." मगच ती बाजूला व्हायची. तुमच्यावर ही वेळ आली, तर हे विचारायला लाजू नका.

आता उपचार संपलेत, दर काही महिन्यांनी फक्त तपासणीला जातो. मागच्या वेळी हॉल गच्च भरलेला, लाल दिवा लागत-विझत होता, आणि एक गृहस्थ काउंटरवर हात आपटत होते, "मशीन खाली चला रखी है, और हम यहाँ मर रहे हैं!" बोर्ड अर्थातच अजून लागलेला नव्हता. काउंटरवरचा म्हणाला, टेक्निकल इश्यू है.

मी उठलो. माझा आवाज आता पूर्वीपेक्षा जाड झालाय.

"चलने दीजिए, भाईसाहब," मी म्हणालो. "पहले खाली चलने दीजिए."

शेवटच्या रांगेतल्या माणसांनीही वळून पाहिलं.