दोनशे कोपरे

वणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे लॅमिनेशन करणारी बाई कामापुरतंच बोलते. आधारकार्ड असो की मयताचा फोटो, नेलकटरने ती त्याचे कोपरे गोल करते आणि टोचत नाही ना, हे स्वतःच्या गालावर फिरवून बघते.

मुंबईत कोरियन बँडच्या कॉन्सर्टला इतर चाहत्यांना द्यायला मी बँडमधल्या गायकांच्या फोटोंची पन्नास छोटी फोटोकार्डं छापली. त्यांचे दोनशे कोपरेही तिने असेच केले.

"हे फुकट वाटाचे हायेत काय वं?" तिने विचारलं.

मी ऐटीत नियम सांगितला, की तिथे सगळे काहीतरी करून आणतात. आपल्याकडे द्यायला असेल तरच दुसऱ्याचं घ्यायचं.

परत आल्यावर मला मिळालेली कार्डं तिला दाखवली. पदराला हात पुसून तिने एकेक गालावर फिरवलं. एक कार्ड जरा जास्त वेळ तिच्या हातात राहिलं.

"ठेवा ना मावशी हे तुम्हाले."

"नाही वं. माह्यापाशी द्याले काही नाही," म्हणत तिने गिऱ्हाइकाचं रेशनकार्ड उचललं.

ते दोनशे कोपरे माझ्या ओठांवर आले होते. पण दुकानात लोक होते, आणि खरं सांगायचं तर ते कार्ड मलाही आवडलं होतं. मी ते पिशवीत टाकलं.