गहाळ : निरंक

"गहाळ?" सर स्वतःच विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "निरंक."

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हा सोहळा असे. ग्रंथालयाच्या कपाटांची कुलपं काढायची, पुस्तकं मोजायची, रजिस्टर पुढ्यात घ्यायचं आणि उजव्या हाताची करंगळी एकेका ओळीवरून फिरवत खाली आणायची. तळाशी 'गहाळ' या शब्दापुढे 'निरंक' असं लिहायचं आणि फू फू करत शाई वाळवायची. मग लेकीचं लग्न सुखरूप पार पाडलेल्या बापासारखं आमच्याकडे पाहायचं.

आता तुम्हीच सांगा, पुस्तक गहाळ होणार तरी कसं? हा माणूस ते कोणाच्या हातात देतच नव्हता.

मी अंजनगाव सुर्जीजवळच्या एका शाळेत शिक्षिका होते. अमरावतीच्या एका कॉलेजात नोकरीतल्या शिक्षकांसाठी शनिवार-रविवारचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. नाव भारदस्त : शैक्षणिक तंत्रविज्ञान आणि शालेय ग्रंथालय. आम्ही सतरा जण होतो, सगळे शेतकऱ्यांच्या घरचे. कपाशीच्या नापिकीची वर्षं होती. घरातला एक मास्तर नाहीतर मास्तरीण, तेवढाच काय तो खांब उभा. वरची पदवी मिळाली तर मुख्याध्यापक होता येईल, म्हणून सासऱ्यांनी मला पाठवलं. म्हणाले, "जाय बाई, पऱ्हाटीनं तं यंदाबी दगा देल्ला, तू तरी पास हो."

सर दोन्ही विषय शिकवायचे. राहायला अकोल्याच्या जुन्या शहरात, तिथून गाडीनं यायचे. वडील आणि आजोबा जिल्दसाज, पुस्तकं बांधण्यात दोघांचीही हयात गेलेली. सरांच्या पिशवीत डब्यासोबत सुई, दोरा आणि टोचा कायम असे. पुस्तक बांधणाऱ्याचा पोरगा पुस्तक उघडू देत नाही, हा काय प्रकार आहे ते मला कधी कळलं नाही.

तंत्रविज्ञानाचा तास म्हणजे तर तमाशाच. कॉलेजाचा एकुलता एक प्रोजेक्टर सर दोन्ही हातांनी बाळंतिणीच्या पोरासारखा घेऊन यायचे. त्याला त्यांच्या घरच्या जुन्या पडद्याचा झगा शिवलेला. झगा अर्धा वर करायचा, दर्शन द्यायचं, परत खाली.

मी एकदा बोट पुढं केलं, तर म्हणाले, "हात नोका लावू, बाई. मशीन हाये, म्हैस नाही."

"सर, एकदा चालू करून तर दाखवा."

"बल्ब जाते."

"मग आम्ही शिकावं कसं?"

"आकृती काढा. भागाले नावं द्या."

काढल्या. दोन वर्षांत चार वेळा काढली मी ती आकृती. भिंग कुठं, आरसा कुठं, पंखा कुठं, अजूनही डोळे मिटून सांगीन. भिंतीवर उजेड कसा पडतो ते मात्र तोवर पाहिलं नव्हतं. खरं बोलायचं तर भारनियमनामुळं निम्मा वेळ लाईटच नसे, म्हणून सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडता येत नव्हतं. पण मी फोडायचीच.

ग्रंथालयाचंही तेच. रजिस्टरं किती प्रकारची, शिक्का कोणत्या पानावर, चिठ्ठी पाठीवर किती बोटं वर, सगळं पाठ. एकदा मी घरी न्यायला पुस्तक मागितलं.

"काहून?"

"वाचायला, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काचेतून नाव दिसते ना? मंग झालं."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांची अशी नक्कल केली, की पोरं पोट धरून हसली. पदराला किल्ल्या बांधल्या, करंगळी फिरवली, "गहाळ? निरंक!" अन् एकदम सगळे चिडीचूप. सर दारात उभे. मेले, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "करंगळी उजव्या हाताची, बाई. तुमी डावी घेतली." आणि निघून गेले.

दुसऱ्या वर्षी बातमी आली, की अभ्यासक्रमाला पक्की मान्यता नाहीच. पाहणी समिती येणार, ती हो म्हणाली तर पदवी, नाहीतर सतरा जणांची दोन वर्षं पाण्यात. आमच्या तोंडचं पाणी पळालं. प्राचार्य मात्र अजिबात घाबरले नाहीत. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात सरकारी पथकांचा सुकाळ होता. कोणी वावर पाहायला यायचं, कोणी विहीर, कोणी नुसतं घरात शिरून बाईमाणसाचं रडकं तोंड पाहून जायचं. पथकाला काय दाखवायचं असतं, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळत होतं.

प्राचार्यांनी देवघेवीचं रजिस्टर मागवलं. ते कोरं करकरीत. त्यांनी आमच्यासमोरच सरांना सांगितलं, "मागच्या दोन वर्षांच्या नोंदी करून टाका. आणि पुस्तकं जरा वापरल्यासारखी दिसू द्या. पानं दुमडा, चहाचे डाग पाडा."

सर म्हणाले, "पुस्तकं मळवतो सायेब. नोंद मळवनार नाही."

"म्हणजे?"

"खोटी नोंद लिहीत नाही मी. आजपावतर एक नाही लिहिली."

मला असा संताप आला म्हणता! मी सगळ्यांसमोर ओरडले, "सर, तुमच्या एका निरंकापायी आम्हा सतरा जणांचं वाटोळं करता काय?"

सर कपाटांकडं गेले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, सगळी कपाटं उघडली आणि म्हणाले, "रांगेत या. पाच पाच पुस्तकं घ्या, घरी न्या अन् वाचा. समितीले आठ दिवस हायेत."

प्रत्येक पुस्तकाची नोंद त्यांनी स्वतः केली, तारीख त्याच दिवसाची. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी पुस्तकं पुढं केली, पण लगेच सोडली नाहीत. "पान दुमडू नोका," ते सवयीनं म्हणाले, मग पुस्तकं सोडत, "दुमडलं तरी चालते."

माझ्या वाट्याला आलेल्या पाचांत एक होतं एका बाईनं एकटीनं केलेल्या समुद्रप्रवासाचं, बोटींची चित्रं असलेलं. वावरात सासऱ्यांची शिदोरी घेऊन निघाले होते, बांधावर टेकून दोन पानं पाहू म्हटलं. सासरे शोधत आले तेव्हा बोट अर्ध्या समुद्रात होती आणि भाकर वाळून कोळ. बाकीच्यांचंही तसंच झालं. प्राचार्यांना पुस्तकं मळून हवी होती, आम्ही गाढवं वाचत बसलो.

समिती आली. तीन माणसं, दोन गाड्या. प्रोजेक्टरचा झगा उतरला, बटण दाबलं आणि काय आश्चर्य, बल्ब पेटला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पण पारदर्शक कागदावरचं 'सुस्वागतम' भिंतीवर पडलं उलटं, पाय वर. सरांनी कागद पालथा केला, तर अक्षरं आरशातली. चालवायचा कसा हे त्यांनाही माहीत नव्हतं हो, तेही आकृतीवरच शिकलेले! समितीच्या अध्यक्षांनी मान तिरपी करून वाचलं आणि म्हणाले, "छान."

मग रजिस्टर. अध्यक्षांनी पानं चाळली. "सगळी पुस्तकं एकाच दिवशी दिली?"

सर उभे राहिले. "हो सायेब. त्याच्या आंधी कोनाले देल्लंच नाही. चूक माझी हाये."

प्राचार्य छताकडं पाहू लागले. अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं. त्यांना जेवायला अकोल्याला पोचायचं होतं. शेजारच्याला म्हणाले, "लिहा, देवघेव नियमित." झालं. मान्यता मिळाली.

आम्ही पेढे वाटले. सरांनी पेढा हातातच धरून ठेवला. "बाई, मी खरं सांगतलं अन् त्याईनं खोटं लिहिलं," ते मला म्हणाले. मी हसले. पदवी पदरात पडली होती, मला काय करायचंय?

पंधरा दिवसांत सगळ्यांनी पुस्तकं परत केली. मीही चार केली. पाचवं, ते समुद्राचं, राहिलं. झालं असं, की आमच्या शाळेचं लोखंडी कपाटही माझ्याच ताब्यात होतं आणि गुरू तसा चेला, मीही ते कधी उघडत नव्हते. अमरावतीहून आल्यावर मला माझीच लाज वाटली. कपाट उघडलं, आणि ते पुस्तकही नववीतल्या एका पोरीला दिलं. तिनं दुसरीला दिलं, दुसरीनं तिसरीला. अमरावतीच्या बस स्टँडपलीकडचं जग न पाहिलेल्या पोरी तुफानाच्या गोष्टी बोलायला लागल्या.

आणि सरांची पोस्टकार्डं सुरू झाली. 'सदर पुस्तक त्वरित परत करावे.' दर महिन्याला एक. मी उत्तर देईना, कारण पुस्तकाचं कव्हर कधीच गेलं होतं आणि त्याचे चार तुकडे झाले होते. ते कोणत्या तोंडानं परत करायचं?

एक दिवस दुपारी सर शाळेच्या फाटकात उभे. एसटीनं आले होते, घामाघूम, काखेत फडक्यात गुंडाळलेलं रजिस्टर.

"बाई, या एकतीसले मी रिटायर होऊन राह्यलो. आजपावतर गहाळ निरंक. तुमची एक ओळ अडकली हाये. पुस्तक द्या, मले शेवटचा निरंक लिहायचा हाये."

मी ज्या पोरीकडं पुस्तक होतं तिला बोलावलं. तिनं ओढणीत बांधलेले चार तुकडे आणून ठेवले. मला वाटलं, माणूस आता इथंच आडवा होतो. सरांनी करंगळीनं एक पान उलटलं.

"हे हळद काहून?"

"मायनं पाह्यलं सर, चुलीपाशी. तिले वाचता नाही येत, बोटीचे चित्र पाह्यते."

"अन् हे भिजलं कुठं?"

"वावरात. पिकाले पाणी ओलताना वाचत होती."

"किती जनीनं वाचलं?"

"मोजलं नाही सर. अजून सहाजणी नंबर लावून हायेत." मग ती घाबरत म्हणाली, "तुमी नेऊन राहिले काय?"

सरांनी चारही तुकडे जुळवून पाहिले. पिशवीतून सुई, दोरा, टोचा काढला. "बाई, थोडी कनकीची खळ करून आना," म्हणाले आणि व्हरांड्यात मांडी घालून बसले. तासभर टोचत होते, शिवत होते. शेवटी रजिस्टरच्या फडक्याची पट्टी फाडून पुस्तकाच्या पाठीला डकवली. इतका सुंदर हात मी दुसरा पाहिला नाही, आणि दोन वर्षं मी या माणसाची नक्कल करत होते. पुस्तक त्यांनी त्या पोरीच्या हातात दिलं. "खळ वाळू दे. मंग दे पुढच्या पोरीले."

मग रजिस्टर उघडलं. करंगळी माझ्या ओळीवर आणली आणि 'परत' या रकान्यात लिहिलं : गहाळ.

"सर!" मी म्हटलं. "हे खोटं आहे. पुस्तक तर इथंच आहे."

"चूप बसा, बाई. नोंद मले समजते." आणि फू फू करत शाई वाळवली.

निरोप समारंभाला मी मुद्दाम अमरावतीला गेले. प्राचार्यांनी भाषणात सरांचा शेवटचा अहवाल वाचून दाखवला, "गहाळ : एक." म्हणाले, "पाहा, जन्मभर सांभाळलं अन् जाता जाता घसरले!" सगळं सभागृह हसलं. मी खरं सांगायला उठणार, तेवढ्यात सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि करंगळी ओठांवर ठेवली. उजव्या हाताची.

मी खाली बसले. मला रडू आवरेना.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी मुख्याध्यापिका झाले. आमच्या कपाटाला कुलूप नाही. ते पुस्तक अजून आमच्या शाळेचंच आहे. म्हणजे या घडीला शाळेत नाही, कोणत्या पोरीच्या घरी आहे ते मलाही माहीत नाही.