मेटाडोरवाल्याला बांधलेली राखी

कुडव्यात घर बांधलं तेव्हा मी हट्टानं मोठं फाटक लावून घेतलं, गाडी सहज निघावी म्हणून. गाडी म्हणजे माझी स्कूटी. त्याच फाटकाला चिकटून समोरच्या घरचा माणूस आपली मेटाडोर उभी करायचा. राइस मिलमधले तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, वाहायचा, पहाटे परतायचा, गाडी माझ्या दारात लावायचा आणि आठपर्यंत घोरत पडायचा. त्याच्या स्वतःच्या दारात मात्र सडा-रांगोळी. दारात टायर असला की लक्ष्मी येत नाही म्हणे. माझ्याकडे ती आली काय नि गेली काय, त्याला काय पडलं होतं!

माझी शाळा गोंदियात, सकाळी सातची. मी शिक्षणसेवक होते. तीन वर्षं धड काढली तर कायम, नाही तर घरी, आणि हे दुसरं वर्ष चालू होतं. साडेसहाला मी त्याचं दार ठोकायची. बायको बाहेर येऊन म्हणायची, "आत्ताच डोळा लागला जी त्यांचा." त्याचा डोळा लागला, आणि इथे माझी नोकरी चालली त्याचं काय? मग ओढणी खोचून चौकापर्यंत धावायचं आणि ऑटोची वाट बघत उभं राहायचं. मुख्याध्यापकांनी मस्टरवर माझ्या सहीपुढे लाल शाईनं 'उशिरा' लिहिणं सुरू केलं. एकदा म्हणाले, "मॅडम, अशानं मी तुमची शिफारस कशी करू?"

नवरा अर्जुनी मोरगावला नोकरीला, शनिवारी यायचा. फोनवर म्हणायचा, जुळवून घे. सगळं जगानं करायचं आणि जुळवून मी घ्यायचं. पोलीस ठाण्यात गेले तर साहेब खुर्चीतून हललेही नाहीत. "मॅडम, मोहल्ले का मामला है, आपस में निपटा लो."

मग सासूबाईंनी तोडगा काढला. "राखी बांधून टाक त्याले. बहिणीचं आयकतेच माणूस." आमच्याकडची ही जुनीच रीत. ज्याच्याशी पटत नाही, त्याला नात्यात ओढायचं म्हणजे त्याची जीभ बांधली जाते. मला ते पटलं. एवढी शिकलेली बाई मी, पण ताट सजवून त्या माणसाच्या घरी गेले.

त्याला सख्खी बहीण नव्हती. डोळ्यांत पाणी आणलं त्यानं, साडी दिली. दुसऱ्या दिवशी बघते तर मेटाडोर फाटकाला आणखी वीतभर चिकटलेली. विचारलं तर हसून म्हणाला, "आता कायले परक्यावानी बोलून राहिली ताई? भावाची गाडी बहिणीच्या दारात नाही, त कोणाच्या दारात उभी राहीन?"

आजवर निदान नजर चुकवून लावायचा, आता हक्कानं लावायला लागला. गल्लीतले लोकही फिरले. आधी माझ्या बाजूनं बोलणारे आता म्हणायचे, भाऊच आहे ना, जाऊ द्या. भाऊबीजेला तर तो जेवायलाही आला. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, तशी साडी नको पण मेटाडोर आवर म्हणायची वेळ माझ्यावर आली. आजही हे सांगताना तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढच्या राखीला मी ठरवूनच गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं, तो पाटावर बसलेला. मी कुंकू लावलं, ओवाळलं आणि राखी हातातच धरून ठेवली. म्हटलं, "यंदा साडी नको. माझं दार मोकळं करून दे. नाही तर तुझा हात असाच राहू दे." त्यानं हात तसाच पुढे धरून ठेवला. शेवटी त्याची म्हातारी आईच म्हणाली, "बहीण ताट धरून मागते, त नाही म्हनू नये बापू." तो फणफणत उठला, चावी घेतली आणि त्याच पावली गाडी काढली. मग मी राखी बांधली.

गाडी काढून त्यानं नेली कुठे, तर दहा पावलं पुढे, माझ्या शेजारच्या आजीच्या दारात. आजी एकटीच राहायची. रस्त्यापलीकडच्या बोअरिंगवरून पाणी भरायची. आता टायर आणि भिंत यांच्या फटीतून ती कळशी घेऊन आडवी-आडवी सरकू लागली. मी मात्र वर्षभर वेळेवर पोचले. लाल शाई थांबली, शिफारस वर गेली, मी कायम झाले.

पेढे घेऊन आजीकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "तुयं आयकते ना वो तो. सांग ना त्याले. मी या वयात कोणाले राखी बांधू?"

मी एक शब्द बोलले असते तर मेटाडोर परत माझ्याच फाटकाशी आली असती. मी म्हटलं, "माझंही ऐकत नाही जी तो, आजी."

त्या माणसाचा राग मला आजही येतो, पण त्या वाक्याचा जास्त येतो. आजीनं पेढा पदराला बांधला, रिकामी कळशी उचलली आणि त्या फटीतून आडवी होत पाण्याला गेली.