झोपेच्या तासांचा पगार

पगाराचं बोलायचं म्हणून भुंग्याच्या आईने मनाशी चांगली तयारी केली होती. ओळखीच्या बायकांकडून तासाचा दर काढला होता, समोरची किती मागेल आणि आपण कुठे अडून बसायचं तेही ठरवलं होतं. मूल सांभाळायला आलेली बाई खुर्चीच्या कडेवर बसली, दर ऐकला आणि मान हलवून म्हणाली, "चालेल. फक्त एक आहे. मूल झोपलेलं असेल तेवढ्या वेळाचे पैसे धरायचे नाहीत."

भुंग्याच्या आईला वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकलं. तिने पुन्हा विचारलं. बाईने पुन्हा तेच सांगितलं, भाजीवाल्याला पिशवी नको म्हणावं इतक्या साधेपणाने. संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर घातलं तर तो हसत सुटला. तो लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा आणि दिवसभर लोकांशी भाव करून करून विटलेला असायचा. "आपलं पोरगं दुपारचं डोळा मिटत नाही," तो म्हणाला. "या अटीतून तिला काय मिळणार आणि आपलं काय वाचणार?"

ते खरंच होतं. तीन वर्षांचा तो मुलगा जागा असेपर्यंत तोंडाने सतत गुणगुणत असे, म्हणूनच त्याला भुंगा म्हणत. दुपारी झोपायचं नाव नाही. त्यामुळे बाईचा पगार पुरा जायचा आणि ती अट सगळे विसरून गेले. भुंग्याला 'मावशी' म्हणता येईना, त्याने त्याचं 'माऊ' केलं आणि पुढे घरभर तेच झालं. "माऊ कुठे गेली?" असं कोणी विचारलं की नवे पाहुणे पलंगाखाली वाकून बघत.

माऊ उंच, हाडापेराने मोठी, पन्नाशी उलटलेली. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. डोळे दुखायला लागले तशी ते काम सोडून लोकांची मुलं सांभाळू लागली. नवरा लवकर गेलेला, स्वतःचं मूल नाही. एका जिन्याखालच्या खोलीत एकटी राहायची. बोलणं बेताचं, पण हातात मूल आलं की त्या मोठ्या हातांचं काहीतरी वेगळंच व्हायचं. रडणारं पोर तिच्या खांद्यावर गेलं की कोणीतरी बटण दाबल्यासारखं गप्प.

मग भुंग्याच्या पाठीवर ठकी झाली. भुंग्याची आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. रजा संपली आणि तिला परत बोलावणं आलं, तेही आधीपेक्षा जास्त तासांचं. आता दोन मुलं, लांब दिवस. दर बदलायला हवा हे उघडच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसल्या, आणि तिथे ती जुनी अट पुन्हा वर आली. ठकी तीन महिन्यांची होती, दिवसाचा बराचसा भाग झोपायची. भुंगा जागा असला तरी ठकीच्या झोपेचा वेळ माऊ धरणार नव्हती; त्या हिशेबाने दोन मुलं सांभाळून तिला आधीपेक्षा कमी पैसे मिळणार होते.

"असं कसं चालेल, मावशी?" भुंग्याच्या आईने विचारलं. मुलगा माऊ म्हणत असला तरी ती मावशीच म्हणायची. तिने दर वाढवून सांगितला, वर सुट्टीचे पैसे धरले. माऊ थोडी वाढ घ्यायला कबूल झाली, पण झोपेच्या वेळेवरून काही केल्या हलेना. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. जन्मात पहिल्यांदा समोरचा कमी मागतोय आणि तू भांडत बसलीयेस, असं तो बायकोला म्हणाला. तिला मात्र हसू आलं नाही. कोणाचे तरी उपकार आपल्या डोक्यावर चढत आहेत असं तिला वाटत होतं, आणि ते कशासाठी हे कळत नव्हतं म्हणून जास्तच बोचत होतं.

"मला फुकटात काम करून घ्यायचं नाही," ती जरा तोडूनच बोलली.

"फुकट नाही हो, ताई," माऊ म्हणाली. "झोपलेल्या बाळाचे पैसे मी घेत नाही. नाही जमत मला." बोलताना ती टेबलाचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत होती. तिथे काही सांडलेलं नव्हतं. बोलणी तशीच अर्धवट राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी भुंग्याचा लिफ्टवाला बाप पलंगावर आडवातिडवा झोपला होता. भुंगा हळूच त्याच्याजवळ गेला. गुणगुण पूर्ण बंद. त्याने एक बोट बापाच्या नाकाखाली धरलं, थोडा वेळ थांबला, मग दारात उभ्या असलेल्या आईकडे बघून मान डोलावली. "चालू आहे," तो कुजबुजला, आणि खेळायला निघून गेला.

बापाला जाग आल्यावर त्याने ही गोष्ट मजेने ऐकली. आई मात्र दिवसभर भुंग्यावर नजर ठेवून होती. नंतर तिच्या लक्षात येत गेलं की भुंगा हे सोफ्यावर डुलकी लागलेल्या आत्याला करतो, कापसाच्या सशालाही करतो. ससा झोपवायचा, बोट धरायचं, चालू आहे. एकदा त्याने सशापाशी बराच वेळ बोट धरलं आणि मग काहीच न बोलता त्याच्यावर रुमाल टाकला.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतलं यंत्र बंद पडलं आणि भुंग्याची आई दुपारीच घरी आली. स्वतःच्या किल्लीने दार उघडून ती आत आली तर घरात आवाज नाही. पडदे ओढलेले. पाळण्याशेजारी ठेंगण्या स्टुलावर माऊ बसली होती, पाठ वाकवून, एक हात ठकीच्या छातीवर अलगद टेकवलेला. तिचे डोळे उघडे होते पण त्यात बघणं नव्हतं, सगळं लक्ष त्या तळव्यात गेलेलं. पायाशी भुंगा बसला होता. त्याने आईला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दार वाजलं होतं, पावलं वाजली होती, माऊला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

आई तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. ठकी कुशीवर वळली, रडली, तेव्हाच माऊने हात काढला. मग तिला दाराशी उभी असलेली भुंग्याची आई दिसली.

माऊने त्याच दुपारी सगळं सांगितलं. ती आधी कामाला जायची त्या घरात एक मुलगी होती, सहा महिन्यांची. तिची आई शाळेत चित्रकला शिकवायची. मुलगी दूध पिऊन झोपली. माऊ स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होती. मध्ये येऊन बघून गेली, झोपलेलीच होती. पुन्हा आली, तरी तशीच. पांघरूण सारखं करायला हात लावला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, कोणाची चूक नाही, अशी बाळं कधी कधी जातात, कारण सापडत नाही. कोणी तिला बोल लावला नाही. फक्त मुलीच्या वडिलांनी एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात. रागाने नाही, नुसतंच विचारलं.

"आणि महिना संपल्यावर बाईंनी पाकीट पाठवलं," माऊ म्हणाली. "पूर्ण पगार. त्या दुपारचेही पैसे धरून. मला खोलीचं भाडं भरायचं होतं, ताई. मी ते घेतले."

भुंग्याच्या आईने तिला पाणी दिलं. आपण काय बोललो ते तिला नंतर आठवेना. माऊ गेल्यावर मात्र तिने ठकीला उचललं ते नवरा येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि या बाईला आता ठेवायचं नाही असं म्हणाला. तिची चूक नाही हे त्यालाही मान्य होतं. पण कामावर लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये उतरल्यावर मला हेच डोळ्यांपुढे दिसणार, त्याचं काय करू, असं त्याने विचारलं. बायकोलाही तेच दिसत होतं. दोघांनी मिळून दुसरी बाई शोधायला सुरुवात केली, एक येऊनही गेली. ती झोपलेल्या ठकीकडे ओझरतं बघून म्हणाली, शांत बाळ आहे, मग काय, माझे हातही मोकळे. त्यावर नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि तिला पुन्हा बोलावलं नाही.

माऊने आपणहून चित्रकलेच्या बाईंचा नंबर दिला होता. माझ्याबद्दल त्यांना विचारा, म्हणाली होती. फोन करायला भुंग्याच्या आईला आठवडा लागला. काय विचारणार? ही बाई कशी आहे हो, असं?

फोनवर पलीकडचा आवाज शांत होता. कामाचं कळल्यावर बाईंनी माऊची चौकशी केली. मग म्हणाल्या, ठेवा तिला, मी तर ठेवलंच असतं, पण सांभाळायला घरात कोणी उरलं नव्हतं. भुंग्याच्या आईने चाचरत पगाराचं सांगितलं, त्या दुपारच्या पैशांचं.

"ते मी मुद्दाम दिले होते," बाई म्हणाल्या. "कापून दिले असते तर दोष दिल्यासारखं झालं असतं ना? तिला ते असं लागलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि मग, आवाज जरा बदलून, "तिला म्हणावं, एकदा येऊन जा."

मग पगाराची बोलणी पुन्हा झाली, या वेळी लिफ्टवालाही टेबलाशी बसला. तासाचा दर त्यांनी काढूनच टाकला. महिन्याचा एकच पगार, मूल जागं असो की झोपलेलं. झोप वेगळी मोजायचीच नाही. माऊ बराच वेळ नको म्हणत राहिली. शेवटी भुंग्याची आई म्हणाली, "मावशी, झोपलेल्या बाळापाशी तुम्ही किती राबता ते मी बघितलंय. त्याचे पैसे न देता मला कामावर जाववणार नाही." भुंग्याच्या आईची तिच्या बाजूने एकच अट होती. ठकीपाशी हवं तेवढं बसा, पण भुंग्याला शेजारी बसवायचं नाही. त्या वेळात त्याने दुसऱ्या खोलीत मनसोक्त गोंगाट करायचा.

माऊने ते ऐकलं तेव्हा तिचा चेहरा पडला. मुलगा बघून बघून शिकत होता हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोराच्या अंगात मी हे घातलं, एवढंच ती पुटपुटली, आणि वाढीव पगाराला हो म्हणाली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ठकी सहा महिन्यांची झाली त्या दिवसांत माऊ जेवायलाही पाळण्यापासून उठेना. भुंग्याच्या आईने कामावर सांगून काही दुपारी घरी काढल्या. दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना बसायच्या. पलीकडच्या खोलीतून भुंग्याची गुणगुण यायची. मध्येच ती थांबली की दोघींच्या माना एकदम वर व्हायच्या. ठकी सात महिन्यांची झाली, रांगू लागली, पुढे झोपही कमी झाली. तरी ती झोपली की माऊचा हात तिच्या छातीकडे जायचाच.

चित्रकलेच्या बाईंकडे जायला तिने फार टाळाटाळ केली. अखेर एका सुट्टीच्या दिवशी ती गेली. मुलगी झोपायची ती खोली आता रंगांच्या डब्यांनी भरलेली होती. बाईंनी चहा केला आणि तिला खिडकीपाशी बसवलं. माऊने येताना मनाशी माफीचे शब्द जुळवले होते, पण त्यांना ते नकोच होते. मी सकाळी शाळेत जायचे, संध्याकाळी यायचे, त्या म्हणाल्या. माझ्या मुलीचे दिवस तुमच्याकडे होते. ते मला सांगा.

म्हणून माऊने सांगितलं. मुलगी कोणत्या कुशीवर झोपायची, कोणतं भांडं वाजलं की दचकायची, बाटली अर्धी झाली की कशी थांबून छताकडे बघायची, शेवटच्या सकाळी पडद्यावरच्या उन्हाला हात मारत कशी हसली. आठवत गेलं तसं सांगत गेली, चहा गार झाला. सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती थांबली.

बाईंनी डोळे मिटले होते. त्या झोपल्या की काय असं वाटून माऊचा हात आपोआप पुढे झाला.

"पुन्हा सांगा," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "सकाळपासून."