बापाला मारलेली हाक

प्रार्थना मला कुणी शिकवावी, असं मला कधी वाटलंच नव्हतं. कुरखेड्याच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत माझीच प्रार्थना सगळ्यांत लांब. 'हे परमकृपाळू, सर्वसमर्थ पित्या' म्हणून मी सुरू झालो की बायका चुलीवरचा भात आठवून चुळबुळ करायच्या. माझी बायको मार्था तर हसून म्हणायची, "देवाले बी जेवाले जाऊ द्या जी!" मला राग यायचा.

मग एका उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, मार्थाला मलेरिया झाला आणि तो मेंदूत चढला. सरकारी दवाखान्यात ती बेशुद्ध पडली होती. डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस जाऊ द्या, मग सांगतो." मी खाटेशेजारी गुडघे टेकले, पाठ असलेले सगळे मोठाले शब्द काढले. आत मात्र ठणठणाट. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा गोंड गडी तापानं फणफणत होता. त्याला वारा घालत बसलेली त्याची बायको बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काऊन जी भाऊ, कोन्या साहेबाले अर्ज वाचून दावून राह्यले?"

मी चिडलोच. "देवाशी बोलतोय, बाई. बाप आहे तो आमचा."

"बाप हाय? मंग बापासंग असं बोलते का कोनी?"

क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत जमिनीवर पालथा पडलेला प्रभू येशू आठवला. घामाघूम झालेला, जीव कासावीस, सोबती झोपलेले. त्यानं काय भाषण केलं होतं? बापाला हाक मारली, हा दुःखाचा प्याला नको म्हणून सरळ सांगितलं आणि मग स्वतःला त्याच्या हाती सोडलं. हे मी किती वर्षं लोकांना वाचून दाखवत होतो! व्हरांड्यात गेलो, भिंतीला डोकं टेकलं आणि पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोललो.

"बा, मले लय भेव लागून राह्यला. मार्थाबिगर मले जमत नाई. पन ती तुहीच हाय. तुह्या मनात असन तसं कर."

एवढंच. मग लेकरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्थानं डोळे उघडले, पाणी मागितलं. दुपारी तो म्हातारा गेला.

त्याला न्यायला त्याच्या गावची माणसं बैलगाडी घेऊन आली. निघताना ती बाई मार्थाजवळ थांबली, कपाळावरून हात फिरवून म्हणाली, "बरी झाली माय. बेस झालं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस शेजारी काढले, पण त्या म्हाताऱ्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. मार्था खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "जा जी तिच्यासंग. नर्सबाई हाय इथी." प्रभूसुद्धा प्रार्थनेतून उठला तो दुसऱ्यांसाठीच चालू लागला होता. मीही उठलो.

मार्था मला परत मिळाली, याबद्दल मी देवाचे आभार रोज मानतो, आणि त्या बाईचेही. त्या दिवशी गाडीमागून चालताना मी तिला म्हाताऱ्याचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग मी तिच्या बोलीत, तिला ऐकू जाईल असं म्हणालो, "बा, आमचा बिरजूभाऊ तुह्याकडं येऊन राह्यला. त्याले जवळ घे."